तापमापकाला न दिसणारी उष्णता

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव या पट्ट्यातल्या हवेला गोडसर, किंचित आंबूस वास येऊ लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी कारखान्यांकडे निघतो. आमच्या निवासी शाळेतील अनेक मुलांचे आईवडील याच काळात कोयता घेऊन फडात उतरलेले असतात, तर कित्येक माजी विद्यार्थी कारखान्यांच्या बॉयलरवर, इव्हॅपोरेटरवर, पॅनवर पाळ्या करीत असतात. त्यामुळे दहावीच्या विज्ञानातील ‘उष्णता’ हा पाठ आपल्या परिसरापुरता तरी केवळ परीक्षेचा राहत नाही. द्रवणांक, उत्कलनांक आणि अप्रकट उष्मा हे तीन शब्द ज्याला नीट उमगले त्याला साखर कारखाना निम्मा समजला, असे आम्ही म्हणू. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु निवासी शाळेच्या सायंकालीन अभ्यासिकेत विषयांच्या भिंती फारशा टिकत नाहीत. शिवाय या तीन शब्दांचा इतिहास आमच्या वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावा असा आहे.

प्रारंभ गुऱ्हाळापासून करणे सोयीचे. काहिलीत रस ओतून चुलवणात चिपाडाचा जाळ लावला की रस तापू लागतो. त्यात तापमापक धरला तर पारा तीसवरून पन्नास, सत्तर, नव्वद असा चढत जातो. शंभर अंश सेल्सिअसच्या जरा वर रसाला उकळी फुटते आणि त्यानंतर पारा जवळजवळ जागच्या जागी थांबतो. जाळ घालणारा माणूस घाम पुसत चिपाड सारीतच असतो, जाळ कमी झालेला नसतो, मळी वर येते ती काढली जाते, रस खदखदत राहतो, आणि पारा मात्र बराच वेळ शंभराच्या आसपासच रेंगाळतो. एवढी उष्णता जाते कोठे?

ती वाफेबरोबर जाते. द्रवातील रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवून त्यांना वायुरूपात मोकळे करावयाचे तर ऊर्जा खर्ची पडते. ही ऊर्जा रेणूंचा वेग वाढवीत नाही, आणि तापमान म्हणजे तर या वेगाचेच माप. म्हणून तापमापकावर तिची नोंद होत नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेला एक कॅलरी म्हणतात. तीस अंशाचे एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपर्यंत तापविण्यास सत्तर कॅलरी पुरतात; परंतु शंभर अंशाच्या त्याच एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशाचीच वाफ करण्यास ५४० कॅलरी लागतात. म्हणजे उकळी येईपर्यंत जेवढे सरपण जळले त्याच्या सुमारे पावणेआठपट सरपण पारा न हलता जळावे लागते. हाच पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा. जुन्या पुस्तकांत त्याला ‘सुप्त उष्णता’ किंवा ‘गुप्त उष्णता’ असे म्हणत. आम्हांला तो जुना शब्द अधिक आवडतो, कारण ही उष्णता नष्ट झालेली नसते, वाफेच्या पोटात लपलेली असते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती पै-पैचा हिशेब चुकता करून बाहेर येते.

बर्फ वितळतानाही हेच घडते. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचे पाणी होण्यास ८० कॅलरी लागतात. ही गोष्ट प्रथम मोजून दाखविली ती स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी, १७६१ च्या सुमारास. तोवर विद्वानांचीही समजूत अशी होती की बर्फ वितळण्याच्या बिंदूपर्यंत आला की त्याला आणखी अगदी थोडी उष्णता दिल्याने तो सगळा एकदम पाणी होतो. ब्लॅक यांनी दोन सारखे चंबू घेतले. एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकेच थंड केलेले पाणी. दोन्ही चंबू एका मोठ्या दालनात टांगले. थंड पाण्याला ठरलेल्या तापमानापर्यंत यायला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून त्याच तापमानापर्यंत यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. खोलीतून दोन्ही चंबूंना उष्णता सारख्याच गतीने मिळत होती. त्यावरून त्यांनी जो हिशेब केला तो आजच्या मापात सुमारे ७७ कॅलरी येतो. खरा आकडा ८०. दोन चंबू आणि एक घड्याळ एवढ्या साधनांवर माणूस सत्याच्या इतका जवळ पोहोचू शकतो, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. धम्मात ज्याला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे या आणि स्वतः पाहून घ्या, त्याचे यापेक्षा सोपे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

गुऱ्हाळातला पारा मात्र शेवटपर्यंत स्थिर राहत नाही. शुद्ध पदार्थाचा उत्कलनांक ठरलेला असतो. विरघळलेला पदार्थ वाढला की तो वर सरकतो. पाणी उडत जाते, रस आटून पाक होतो, आणि पारा १०५, ११०, करता करता ११८ च्या आसपास येतो. हीच गुळाची काहील उतरविण्याची वेळ. अनुभवी गुळव्या तापमापक वापरीत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते की नाही ते बोटांनी पाहतो. पण त्याची बोटे जे मोजतात ते पाकात उरलेले पाणीच होय, आणि तापमापकही अखेर तेच सांगतो. या माणसाला कोणी शास्त्रज्ञ म्हटले नाही, ही त्याची चूक नव्हे.

इतर परिचित पदार्थांचे आकडे पाहिले म्हणजे पाणी किती विलक्षण आहे ते ध्यानात येते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ होण्यास ग्रॅममागे सुमारे २०० कॅलरी पुरतात. पारा उणे ३९ अंशांना गोठतो, ३५७ अंशांना उकळतो, आणि त्याच्या वाफेसाठी ग्रॅममागे जेमतेम सत्तर कॅलरी लागतात. शिसे ३२७ अंशांना वितळते. त्या अंशावर आल्यावर ग्रॅममागे पाच-सहा कॅलरी दिल्या की ते पाणी होते. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना, तांबे १,०८५ ला, सोने १,०६४ ला, ॲल्युमिनियम ६६० ला वितळते. कथील फक्त २३२ ला. गावोगाव फिरणाऱ्या कल्हईवाल्याचा धंदा या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा होता: भात्याने फुलविलेल्या जाळावर कथील वितळते, तांब्यापितळेचे भांडे मात्र शाबूत राहते. शिसे आणि कथील योग्य प्रमाणात एकत्र केले तर मिश्रण १८३ अंशांना, म्हणजे दोघांच्याही खाली वितळते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डर ते हेच. वंदनेच्या वेळी लावलेल्या मेणबत्तीचे मेण तर साठ अंशांच्या आसपासच विरघळते, कारण ते एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे, आणि म्हणून त्याला एकच काटेकोर द्रवणांक नाही.

पाणी वाफ होण्यासाठी उकळलेच पाहिजे असेही नाही. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी तीस अंशांवरही हळूहळू उडत असते, आणि त्या तापमानाला तर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता ते माठातील उरलेल्या पाण्याकडून घेते. दहा ग्रॅम पाणी उडाले आणि सगळी उष्णता आतल्या पाण्यानेच दिली, तर एक लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार होईल. माठातले पाणी कोण पितो याच्याशी या नियमाला काही कर्तव्य नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या बाल भीमरावांना मात्र शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. निसर्गाने न केलेला भेद माणसाने कोठे केला, हे शिकविताना आम्हांला माठाचा धडा अपुरा सोडवत नाही.

फडात ऊस तोडणाऱ्यांच्या अंगचा घामही याच न्यायाने काम करतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी बाहेर पडतात. मात्र नुसता निथळून गेलेला घाम शरीराला गार करीत नाही. त्याची वाफ व्हावी लागते, आणि तो तयार व्हायला पोटात पाणी असावे लागते. मार्चच्या उन्हात तोडीवर असणाऱ्या मातापित्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, असे आम्ही पालकसभेत सांगतो ते याचमुळे.

आता कारखान्यात जाण्यापूर्वी एकच गोष्ट समजून घ्यावयाची, ती म्हणजे दाब. पाण्यावरील हवेचा दाब वाढला की ते उशिरा उकळते, कमी झाला की लवकर. प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ झटकन शिजते. आपल्या इंदापूर-बारामतीच्या उंचीवर ते ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरी ९५-९६ ला. दाब आणखी पुष्कळ कमी केला तर पाणी साठ अंशांनाही खदखदू लागते. साखरेच्या दृष्टीने ही मोठीच सवलत आहे, कारण उसाच्या रसातील साखर जास्त उष्णतेत फार वेळ राहिली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते, तिचे स्फटिक बनत नाहीत, आणि रस काळवंडतो. गुळाला हे चालते, पांढऱ्या साखरेला चालत नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंब गावाच्या परिसरात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वाढले. पुढे येथील वर्कशॉपमधून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊन देशात आणि परदेशांत जाऊ लागली. त्या यंत्रसामग्रीत इव्हॅपोरेटरच्या उंच, गोल ‘बॉड्या’ असतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्यांच्या काचेतून आत उसळणारा रस पाहिला असेल. त्या एकीपुढे एक अशा ओळीने का असतात, हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

हिशेब असा आहे. एक टन उसापासून साधारण एक टन रस निघतो, कारण दाबताना वरून पाणीही मारलेले असते. त्यात पंधरा टक्के घन द्रव्य धरले आणि ते साठ टक्क्यांपर्यंत आटवावयाचे ठरवले, तर अडीचशे किलो पाक उरतो आणि साडेसातशे किलो पाणी उडवावे लागते. एका किलो वाफेची उष्णता एक किलो पाणी उडवू शकते. म्हणजे एकाच भांड्यात हे काम केले तर सुमारे साडेसातशे किलो वाफ हवी. त्या एक टन उसाचा भुसा निघतो तीनशे किलोच्या आसपास, आणि बॉयलरमध्ये किलोभर ओला भुसा दोन किलोंहून थोडी अधिक वाफ देतो. सगळा भुसा जाळला तरी साडेसहाशे किलोच वाफ. चरक फिरविणे, रस तापविणे, साखर बनविणे ही कामे तर अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. या पद्धतीने चाललेला कारखाना भुशाबरोबर लाकडे किंवा कोळसाही खाईल.

यावरचा उपाय असा की पहिल्या बॉडीत रसातून उठलेली वाफ वाया घालवायचीच नाही. ती दुसऱ्या बॉडीतील नळ्यांभोवती सोडायची. तेथे ती थंडावून पाणी होते आणि आपली गुप्त उष्णता दुसऱ्या बॉडीतील रसाला देते. पण तीच वाफ तोच रस कसा उकळवील? त्यासाठी दुसऱ्या बॉडीतील दाब कमी ठेवायचा, म्हणजे तेथील रस कमी अंशांवर उकळेल. तिसरीत दाब त्याहून कमी, चौथीत आणखी कमी. पहिल्या बॉडीत रस शंभराच्या थोडा वर उकळत असेल तर चौथीत पंचावन्न-साठ अंशांवर. एक किलो वाफ अशा रीतीने चार बॉड्यांत मिळून जवळजवळ चार किलो पाणी उडवते. साडेसातशे किलोंऐवजी दोनशे किलोंच्या आत काम भागते. भुसा उरतो, आज अनेक कारखाने त्या उरलेल्या भुशावर वीज बनवून विकतात ती याच बचतीतून. शेवटच्या बॉडीतील वाफ गार पाण्याच्या फवाऱ्याने कंडेन्सरमध्ये थिजवली जाते. एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशांवरील वाफ सुमारे सतराशे घनसेंटिमीटर जागा व्यापते. ती पुन्हा थेंबभर पाणी झाली की मागे पोकळी उरते, आणि पंप आतली हवा ओढून ती पोकळी टिकवतो. तापलेले पाणी मग तळ्यावर फवाऱ्यांनी उडवून गार केले जाते. कारखान्याच्या आवारातले ते फवारे शोभेचे नव्हेत, हे सहलीला नेलेल्या मुलांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

कमी दाबाखाली साखर शिजविण्याचा पॅन इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी १८१३ च्या सुमारास आणला होता. पण एकाच वाफेची गुप्त उष्णता पुन्हा पुन्हा वापरण्याची व्यवहार्य योजना नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याची. रिलियू यांचा जन्म १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील गोरे, आई कॉन्स्टन्स विवां या आफ्रिकी वंशाच्या, गुलाम नसलेल्या स्त्री. त्या काळच्या लुईझियानात अशा दोघांचा विवाह कायद्याला मान्य नव्हता. मुलगा हुशार निघाला, पॅरिसला शिकायला गेला, आणि तेथेच वाफेच्या यंत्रांचा शिक्षक झाला. जोसेफ ब्लॅक यांचे गुप्त उष्णतेचे तत्त्व आणि जेम्स वॅट यांचे वाफेवरील काम तोवर युरोपात सर्वत्र शिकविले जात होते. रिलियू यांनी ते साखरेला लावले.

लुईझियानातील साखर तेव्हा कशी बनत असे ते पाहिले म्हणजे या शोधाची किंमत कळते. एका लांब भट्टीवर उघड्या कढयांची ओळ असे, मोठीपासून लहानापर्यंत. आफ्रिकी वंशाचे गुलाम स्त्रीपुरुष लांब दांड्याच्या डावांनी उकळता रस या कढईतून त्या कढईत रात्रंदिवस उपसत. पोळणे हे तर नित्याचेच. पुष्कळ साखर करपून जाई, सरपणाला अंत नसे. प्रत्येक कढईतून उठणारी वाफ, म्हणजे जाळाची बहुतेक सगळी कमाई, छपरातून आकाशात जाई. रिलियू यांनी झाकलेल्या भांड्यांची मालिका केली, १८४३ आणि १८४६ साली अमेरिकेत तिची पेटंटे घेतली, आणि १८४५ साली थिओडोर पॅकवुड नावाच्या मळेवाल्याकडे ती यशस्वीपणे चालवून दाखविली. मळेवाल्यांनी त्यांचे यंत्र घेतले, त्यावर पैसा कमावला. त्यांना मात्र आपल्या पंक्तीला बरोबरीने बसवून घेतले नाही.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या यंत्राने गुलामी गेली असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नव्हे. उलट साखरेचा नफा वाढला आणि मळे गुलामांच्याच श्रमावर चालत राहिले. अमेरिकेतील गुलामी कायद्याने संपली ती यादवी युद्धानंतर, १८६५ मध्ये. रिलियू स्वतः तत्पूर्वीच, १८५० च्या दशकात, फ्रान्सला परतले. उतारवयात त्यांनी प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचाही अभ्यास केला, आणि १८९४ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मालिकेतील वाफेचे तत्त्व मात्र साखरेपुरते राहिले नाही. दुधाची भुकटी, मीठ, कागद, समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी, या सर्व उद्योगांत आज ते वापरले जाते. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून तेथील लढ्याची माहिती मागविली होती, हे आमच्या वाचकांना माहीत असेल. त्या समाजातील अभियंत्याचे नाव आपल्या घराशेजारच्या कारखान्यातील यंत्राच्या मुळाशी आहे, हे मात्र आम्हांला आढळलेल्या एकाही शालेय पुस्तकात नाही. आमच्या वर्गात ते आता फळ्यावर लिहिले जाते.

कढयांवरील त्या पोळण्याचा विषय निघालाच आहे, तर गुप्त उष्णतेची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. शंभर अंशाचे एक ग्रॅम पाणी अंगावर पडून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवले तर ६३ कॅलरी देते. शंभर अंशाची एक ग्रॅम वाफ आधी त्वचेवर पाणी होते, तेव्हा ५४० कॅलरी देते, आणि मग निवताना आणखी ६३; एकूण ६०३. म्हणजे तापमापकाला दोन्ही सारखीच, पण कातडीला वाफ साडेनऊपट जड. पुन्हा खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी जो पांढरा लोट दिसतो तो वाफेचे झालेले बारीक थेंब असतात. तोंड आणि लोट यांमध्ये जी मोकळी वाटणारी बोटभर जागा असते, वाफ तेथे असते. बॉयलरच्या जास्त दाबाच्या लाइनला गळती लागली तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि जवळ काहीच दिसत नाही. जाणते कामगार अशा वेळी हात पुढे करीत नाहीत, दांड्याला फडके बांधून ते लांबून पुढे सरकवतात.

घरी आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेल्याचे झाकण आपल्याकडे तिरपे करून उघडू नये. पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर न येता समोर निघून जाते. कुकरची शिट्टी पूर्ण बसल्याशिवाय झाकणाशी झटू नये. तरीही पोळलेच, तर भाग ताबडतोब नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप यांपैकी काही लावू नये, बर्फही चोळू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. कपडा कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नये. फोड मोठे असतील, किंवा चेहरा, हात, सांधे पोळले असतील, तर स्वच्छ कापडाने सैल झाकून थेट दवाखाना गाठावा.

आमच्या प्रयोगशाळेत ब्लॅक यांचा चंबूंचा प्रयोग आणि वॅट यांचा एक प्रयोग दरवर्षी करून दाखविला जातो. वॅट यांना असे आढळले होते की एक भाग पाण्याची वाफ सुमारे सहा भाग थंड पाण्याला उकळीपर्यंत आणते. मुले तो आकडा स्वतः काढतात; कोणाचा पाच येतो, कोणाचा साडेपाच, आणि उष्णता कोठे निसटली यावर तासभर वाद चालतो. कमी दाबाखाली पाणी साठ अंशांवर उकळताना दाखविण्याची सोय मात्र अद्याप नाही. कारखान्यांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला मोडीत निघालेला व्हॅक्यूम गेज, एखादी जुनी साइट ग्लास किंवा लहान हातपंप रीतसर परवानगीने मिळवून देता आला, तर त्यांनी तो शाळेच्या विज्ञान विभागाकडे पोहोचवावा. आणि जमल्यास एक दिवस सुटी काढून तो जोडून देण्यासाठी स्वतःही यावे.